कायले, मले आणि सांबार

परवा सकाळी शाळेच्या गडबडीत वरून मधल्याचा आवाज आला, "माहा चार्जर कायले घेतला तू?" आणि लगेच त्याच्या धाकट्या बहिणीचं उत्तर, "मी नाई घेतला, तुह्या बॅगेतच हाये, पाह्य ना नीट!" मी खाली डबे भरत होते, हात तसाच थांबला. हा मुलगा मिनिआपोलिसला जन्मला, आठ वर्षांचा होईपर्यंत त्याला मराठीत "नको" आणि "भूक लागली" एवढंच धड म्हणता यायचं, बाकी सगळं इंग्लिश, आम्ही मराठीत विचारायचं आणि त्यानं इंग्लिशमधे उत्तर द्यायचं. आणि आता चौदाव्या वर्षी बहिणीशी भांडताना त्याच्या तोंडून चक्क वऱ्हाडी येतं. मी स्वतः पुण्याची, माझ्या माहेरी "कायले" कुणी म्हणत नाही. हे घरात कसं आलं ते एकदा नीट लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

आम्हाला पोटचे दोन मुलगे. मुलगी दत्तक आली नोव्हेंबर २०१९ मधे, तेव्हा ती सहाला दोन महिने कमी होती, मोठा अकराचा आणि धाकटा आठचा. म्हणजे ती आली आणि धाकट्याचा मधला झाला, आणि हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, हे माझ्या लक्षात खूप उशिरा आलं. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. संस्थेत येण्याआधीची तिची गोष्टही लिहिणार नाही, ती तिची आहे, तिला वाटेल तेव्हा वाटेल त्याला ती सांगेल.

कागदपत्रांना अडीच वर्षं लागली. आम्ही दोघं आता अमेरिकन नागरिक, त्यामुळे जन्मानं भारतीय असलो तरी आमचं प्रकरण आंतरदेशीय दत्तक म्हणूनच गेलं, म्हणजे इथल्या एजन्सीचा होम स्टडी (घराची आणि आमची चौकशी), इथल्या इमिग्रेशनची मंजुरी, मग दिल्लीच्या काराकडे, म्हणजे दत्तक प्रकरणं बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे फाईल, मग काराचं ना हरकत पत्र, मग तिकडच्या कोर्टाची ऑर्डर (तेव्हा ऑर्डर कोर्टच द्यायचं, सप्टेंबर २०२२ पासून ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं), मग नव्या नावानं पासपोर्ट, आणि शेवटी दिल्लीला जाऊन व्हिसा. लहानपणी झालेल्या पायाच्या ऑपरेशनमुळे यादीत तिच्यापुढे 'विशेष गरजा' असं लिहिलेलं होतं. पाय आता इतका छान आहे की ती मधल्याच्या पुढे पळते. अमेरिकेत उतरली त्या क्षणी ती कायद्यानं नागरिक झाली, २००१ पासून तसा कायदा आहे, आणि काही आठवड्यांनी तसं सर्टिफिकेट पोस्टानं घरी आलं. मोठ्यानं ते फ्रिजवर लावलं. मी काढून फाईलला लावलं, त्यानं रंगीत प्रिंट काढून परत फ्रिजवर लावलं.

तर भाषा. नवरा मूळचा अकोल्याचा. इंजिनिअरिंगला पुण्यात आला तेव्हा होस्टेलवर "मले", "तुले" ऐकून पोरं इतकी हसली की वर्षभरात त्यानं बोलणं घासूनपुसून साफ केलं. माझी त्याची ओळख झाली तेव्हा तो माझ्यासारखंच बोलायचा, आईशी फोनवर बोलताना तेवढा जरा वेगळा सूर लागायचा. संस्था विदर्भातली होती. पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा दोन्ही मुलगे बरोबर होते, ऑफिसच्या दारात हातात हात घालून उभे, घाबरलेले. ती आली, आमच्याकडे बघितलंच नाही, त्या दोघांकडे बघितलं आणि संस्थेतल्या ताईंना विचारलं, "थे दोघं पोट्टे माहे भाऊ हायेत का?" नवरा एकदम खिडकीकडे वळला. मला वाटलं भरून आलं असेल, तसं ते आलं होतंच, पण नंतर गाडीत म्हणाला, माझी आजी अशी बोलायची गं, अगदी ह्याच सुरात, मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

मला ती आधी "मॅडम" म्हणायची. संस्थेत ऑफिसमधून जी बाई येते ती मॅडम, समुपदेशन वगैरे करते ती ताई, आणि जी आंघोळ घालते, जेवू घालते, रात्री शेजारी झोपते ती मावशी. घरी आल्यावर आठवडाभरात मी मॅडमची मावशी झाले. मुलगे गोंधळले, त्यांची खरी मावशी आहे टेक्सासमधे, तिच्याशी दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो, आता ही आईला मावशी का म्हणते? मी म्हटलं म्हणू दे. मला माहीत होतं की तिच्यासाठी मावशी हा मोठा शब्द आहे. आई कधी झाले ते मात्र अगदी तारखेनिशी सांगता येतं, १९ जानेवारी २०२०, रविवार. बाथरूममधून हाक आली, "आई, टावेल!" मुलगे रोज तसेच ओरडतात, तिनं तसंच ओरडलं. मी टॉवेल दिला, दार लावलं आणि तिथेच जिन्यात बसले.

पहिला हिवाळा तिघंही खाली फॅमिली रूममधे गादी टाकून झोपले. तिची स्वतःची खोली आम्ही इतकी हौसेनं सजवली होती, पडदे, चादर, सगळं, पण संस्थेत पंधरावीस मुलं एका ओळीत झोपायची, तिला एकटीला खोलीत झोपच येईना. "मले भेव लागते" म्हणायची. मग मोठ्यानं आपणहून गादी खाली आणली. झोपायच्या आधी ती सगळ्यांची डोकी मोजायची, आम्हा दोघांची धरून, हाताचं बोट प्रत्येकाकडे करत, एक, दोन, तीन, चार आणि मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून पाच.

माझ्या ऑफिसात एक मैत्रीण आहे, कोरियातून दत्तक आलेली. मिनेसोटात अशी माणसं खूप भेटतात, कोरियन युद्धानंतर तिथून परदेशी दत्तक मुलं पाठवणं सुरू झालं ते दशकानुदशकं चाललं, जगभर मिळून अंदाजे दोन लाख मुलं गेली आणि त्यातली हजारो एकट्या ह्या राज्यात आली. आमची फाईल चालू असताना एकदा जेवायच्या सुट्टीत तिला सांगितलं. ती अभिनंदन म्हणाली, मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, मुलगी कोणती भाषा बोलते? मी म्हटलं मराठी, आमचीच. तर ती म्हणाली, मी पाच वर्षांची होते, विमानातून उतरले तेव्हा घडाघडा कोरियन बोलत होते असं माझे आईवडील सांगतात, उन्हाळा येईपर्यंत सगळं गेलं, एक शब्द उरला नाही. चाळिशीत तिला जन्मदात्या आईचा पत्ता लागला. फाईलमधे ती अनाथ म्हणून नोंदलेली होती, आणि आई सोलमधे जिवंत. (अशा खोट्या नोंदी झाल्या हे तिथल्या सरकारी आयोगानंच मार्च २०२५ मधे मान्य केलं, त्या दिवशी ती ऑफिसला आली नाही.) भेट झाली ती एका हॉटेलच्या लॉबीत, दोघींच्या मधे दुभाषी बसलेली. ती म्हणाली, आई माझा हात धरून रडत काहीतरी लांबलचक बोलत होती आणि दुभाषी बाई मला म्हणाली, ती म्हणतेय तिला वाईट वाटतं. एवढंच. ते लांबलचक काय होतं ते मला कधीच कळणार नाही.

हे ऐकून मला वाटलं, आपल्याकडे तो प्रश्नच नाही, आपण मराठीच बोलतो की घरात. पण नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, तीन महिन्यांत माझ्या डोळ्यांदेखत ती भाषा गळायला लागली. कारण सरळ होतं, मुलं मुलांची भाषा उचलतात आणि आमच्या घरात मुलांची भाषा इंग्लिश होती. शाळेत इंग्लिश शिकणाऱ्या मुलांचा वेगळा तास असतो, त्यात तिच्याबरोबर सोमाली मुलं, आग्नेय आशियातून आलेल्या ह्मॉंग कुटुंबांतली मुलं, पहिली मैत्रीण एक सोमाली मुलगीच. त्या दोघी हातवाऱ्यांपासून सुरू करून ख्रिसमसपर्यंत वाक्यांवर आल्या. आम्ही टाळ्या वाजवत होतो. आणि एक दिवस जेवताना नवऱ्यानं विचारलं, "काय झालं वं, पोळी नाही पाहिजे?" तर ती मोठ्याकडे बघून इंग्लिशमधे म्हणाली, नो थँक यू, आणि खाली बघत राहिली. तिला कळलं होतं की ह्या घरातली मोठी मुलं मराठीत उत्तर देत नाहीत, म्हणजे घरचं व्हायचं तर असंच करायचं.

आणि मी काय करत होते? मी तिला दुरुस्त करत होते. मले नाही गं, मला. कायले नाही, कशाला. अगदी प्रेमानं, पण रोज. आमचा सांबारचा किस्सा तर घरात प्रसिद्ध आहे, ती आल्यावर चौथ्या दिवशी वरण बघून म्हणाली, "सांबार नाई टाकला?" मी म्हटलं हे वरण आहे बाळा, सांबार वेगळं असतं, उद्या करू. दुसऱ्या दिवशी खपून सांबार केलं, इडल्या केल्या, ती वाटीत बघून म्हणाली, "ह्याच्यात पण सांबार नाई." नवरा ऑफिसमधून आल्यावर उलगडा झाला, विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. टोमॅटो म्हणजे भेदरं, पातेलं म्हणजे गंज. त्याला हे सगळं माहीत होतं आणि लग्नाला चौदा वर्षं झाली तरी त्यानं माझ्यासमोर त्यातला एक शब्द कधी वापरला नव्हता. हे मला फार लागलं. मी कधी त्याला हसले नव्हते, पण कुणी न सांगताही त्यानं ते सोडून दिलं होतं, आणि आता मी पोरीला शब्द न शब्द सांगत होते की तुझं चूक आहे.

फेब्रुवारी २०२० मधे सासूबाई आल्या, नातीला बघायला, सहा महिन्यांसाठी. मार्चमधे शाळा बंद, ऑफिसं बंद, भारताची विमानं बंद. सहा महिन्यांचे तेरा झाले. त्या काळात जगावर काय आलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, अकोल्यातली आमची दोन जवळची माणसं गेली, आईंना जाता आलं नाही, त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पण आमच्या घरात सात दिवस चोवीस तास एक वऱ्हाडी बोलणारी आजी होती आणि तिला इंग्लिश येत नव्हतं, आणि तिघं मुलं घरात कोंडलेली. आजीशी बोलायचं तर मराठी बोलावंच लागायचं. मुलांना आजी काय म्हणते ते निम्मं कळायचं नाही, मग ते बहिणीला विचारायचे. सहा वर्षांची ती, दोन मोठ्या भावांची दुभाषी झाली.

एप्रिलमधे आईंना रोडगे खावेसे वाटले. कणकेचे जाडजूड गोळे, खरं तर शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. इथे गोवऱ्या कुठल्या, नवऱ्यानं डेकवरची कोळशाची ग्रिल काढली, डेकच्या कोपऱ्यात अजून बर्फ होतं. आई स्वेटरवर शाल, शालीवर नवऱ्याचं जॅकेट घालून खुर्चीवर बसून सूचना देत होत्या. वांग्याची भाजी, वरण, गंजभर. भाजलेले रोडगे कापडात झटकून ताटात आले तेव्हा मुलगे बघतच राहिले, मोठ्यानं सुरी मागितली. तर ती उठून उभी राहिली, "असा नाई, असा नाई! आंधी फोड, मंग चुर, मंग तूप टाक." आणि त्याच्या ताटातला रोडगा घेऊन दोन्ही अंगठे मधे रोवून कडकन फोडला, वाफ आली, चटका बसला, तिनं बोटं फुंकली आणि परत फोडायला लागली. संस्थेत कुणी ना कुणी रोडग्यांचं जेवण द्यायचं, तिला सगळं माहीत होतं. आल्यापासून ह्या घरात सगळं तिलाच शिकवत होते, नळ कसा उघडायचा, झिप कशी लावायची, स्नो-पँटमधे पाय कुठून घालायचा, आणि आज भाऊ तिच्याकडे बघून शिकत होते. मधल्यानं विचारलं, "आंधी म्हणजे?" तिनं त्याच्याकडे असं बघितलं की काय हा अडाणी. त्या दिवशी तिनं तीन रोडगे खाल्ले.

त्यानंतर मी दुरुस्त करणं बंद केलं. नवऱ्याची जीभही हळूहळू सैल झाली, आता तर तो आणि ती दोघं बोलायला लागले की मला मधेमधे विचारावं लागतं.

हे सगळं वाचून घर फार गोडीगुलाबीत होतं असं वाटेल, तसं नव्हतं. तिनं एकदा मोठ्याच्या सायन्स प्रोजेक्टच्या बोर्डावर स्केचपेननं फुलं काढली, दोन आठवड्यांचं काम. तो चिडला, मी त्यालाच म्हटलं, जाऊ दे रे, तिला कळत नाही अजून. तो एकदम शांत झाला आणि म्हणाला, आई, तू मला ओरडतेस, ह्याला ओरडतेस, तिला कधीच ओरडत नाहीस, मग ती काय पाहुणी आहे का? मला त्यावर बोलताच आलं नाही. मला भीती वाटायची, ती दुखावेल, तिला वाटेल हे लोक आता परत पाठवतील. पण तो म्हणत होता ते बरोबर होतं, आणि ती हे सगळं जिन्यात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिनं दूध सिंकमधे ओतून दिलं तेव्हा मी ओरडले, जशी मुलग्यांना ओरडते तशी. ती खूप रडली. मग तासाभरानं माझ्या मागे येऊन माझ्या कुर्त्याचं टोक धरून उभी राहिली, मी भांडी लावत होते, ओट्याच्या ह्या टोकाकडून त्या टोकाकडे जाईन तशी मागे मागे. काही बोलली नाही. त्या रात्री डोकी मोजली आणि नेहमीपेक्षा लवकर झोपली.

लोकांचं म्हणाल तर "किती पुण्याचं काम केलंत" हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. एका हळदीकुंकवाला तिच्यादेखत एक बाई म्हणाल्या, नशीब काढलं पोरीनं. आणि "तुमचे खरे दोघंच ना?" हा प्रश्न तर रांगेत, पार्किंगमधे, कुठेही येतो. आधी मी समजावत बसायचे. आता मी फक्त म्हणते, तिघंही खरेच आहेत, आणि विषय बदलते.

रविवारच्या मराठी शाळेत मात्र बोलावंच लागलं. तिला तिथे घातलं तेव्हा ती नऊची होती, मोठ्या खुशीत गेली, हे तर आपल्याला येतं म्हणून. तिसऱ्या रविवारी घरी आली ती गप्प. वहीत "मले" वर लाल गोल, आणि वर्गातली मुलं हसली होती. म्हणजे जे तिच्या बाबांचं झालं तेच, पंचवीस वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे. नवरा एरवी कुणाशी वाद घालणारा नाही, पण तो स्वतः जाऊन शिक्षिकेशी बोलला. शांतपणे. लिहिताना प्रमाण मराठी शिकवा, ते तिला यायलाच हवं, पण तिचं बोलणं चूक म्हणू नका, तेराव्या शतकात महानुभावांनी मराठीत गद्य लिहिलं ते आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच होतंय. त्या बाईंनी मनापासून ऐकून घेतलं, पुढच्या महिन्यात वर्गात प्रत्येकानं आपल्या आजीचे दहा शब्द आणायचे असा खेळ घेतला, कोकणातले, कोल्हापुरातले, खानदेशातले. आमच्या घरच्या छोट्या बाईंनी एकोणतीस नेले.

गेल्या डिसेंबरमधे सगळे अकोल्याला गेलो आणि तिथून तिच्या संस्थेत. तिनंच म्हटलं होतं जायचं. बरीच माणसं बदललेली, पण जी मावशी तिच्याशेजारी झोपायची ती अजून होती, केस पांढरे झालेले. मावशीनं आधी ओळखलं नाही. मग हिनं काहीतरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही, आणि मावशीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, "अवं माय, बोलते कशी पाय! मले वाटलं इंग्रज झाली असशीन." मुलगे जरा लांब उभे होते. मावशीनं मधल्याला विचारलं, तू कोण रे बाबा, तर तो म्हणाला, "मी हिचा भाऊ आहो." मावशी खळखळून हसली, हीपण हसली आणि त्याचं काहीतरी सुधारून सांगितलं.

मग त्या दोघी आवारातल्या कडुनिंबाखाली बसल्या. तासभर तरी. मी जायला निघाले होते त्यांच्याकडे, नवऱ्यानं हात धरून थांबवलं. मला ऑफिसातली मैत्रीण आठवत होती, ती लॉबी, ती मधे बसलेली बाई. इथे मधे कुणी नव्हतं. मावशीनं तिची वेणी सोडून परत घातली, घट्ट, दोन्ही बाजूंनी, तशी मी कधीच घालत नाही. बोलणं चालूच होतं.

काय बोललात ते मी विचारलं नाही. गाडीत बसल्यावर तिनं आपणहून एवढंच सांगितलं की मावशीचे गुडघे लय दुखतात, थंडीत उठता येत नाही, आणि आजीला लावतो ते आपल्याकडचं निळ्या झाकणाचं मलम तिला पाठवायचं, चार ट्यूबा. पार्सल कालच टाकलं. पत्ता तिनंच लिहिला, मराठीत आणि इंग्लिशमधे दोन्ही.